सपाट जागा

साखर पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली
मी एक दरी मांडून बसले आहे.
बाहेर त्रेचाळीस.
खाली चार माग धडधडतात,
त्यांच्या ठोक्यांनी टेबल थरथरतं, टेबलाबरोबर स्क्रीन,
आणि दर वेळी वाटतं, तिकडे पुन्हा हादरलं.

मी डोंगर तसा पाहिलेला नाही.
तुळजापूरला जाताना घाट लागायचा,
आई डोळे मिटून बडीशेप चघळायची,
तेवढाच.
आमच्याकडे पाणीसुद्धा
कुठे जाऊ, असं विचारत वाहतं.

पुढ्यात एकोणीस हजार चौकोन.
उतार किती, दगड कुठला, ओढा किती लांब,
जमीन किती हलली होती:
चार आकड्यांचा मिळून एक रंग.
हिरवा, राहू द्या.
पिवळा, लक्ष ठेवा.
तांबड्यापुढे काही लिहायचं नसतं.

पेपरात भूकंप संपून अकरा दिवस झाले.
उताराला ते अजून कळलेलं नाही.
भेगाळलेली माती दम धरून आहे,
एखादा पाऊस विचारपूस करायला येईपर्यंत.

नाना जिना चढून येतात,
चहाच्या पेल्यावर बशी.
चाळीस वर्षं त्यांनी ग्राफच्या कागदावर मोर काढले,
पेन्सिलीने, एकेक चौकोन भरत;
मग पुठ्ठ्याला भोकं, भोकांच्या हुकमाने दोरे, दोऱ्यांची चादर.
ते त्याला नक्षा म्हणतात.
माझं काम नकाशाचं, हे कळल्यावर म्हणाले होते,
"एक काना जास्त. पगार तेवढाच की!"

आता कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
ते स्क्रीनला नाक लावतात.
"हे मधलं हिरवं कशानं?"

नदीकाठची सपाट जागा आहे, नाना. उतार तीन अंश.
लोक तिथेच आलेत. निळे तंबू.
बारीक चित्रात मोजले मी, एकशे चौदा.

"भवतीनं सगळं लाल, आन् मधी येवढंच हिरवं?
बिड्डा, असं दिसलं की आमी माग थांबवत होतो.
एक भोक चुकलं
तर शंभर चादरींत मोराला डोळा नसतो."

मी हसले नाही.
आठ वर्षांपूर्वीची चित्रं काढली.
वर निमुळती, खाली रुंद, पंख्यासारखी पसरलेली तीच जागा,
आणि पंख्याच्या मुठीत एक कोरडा ओढा.
डोंगराने एकदा तिथे अंग टाकलं होतं.
त्याच्यावर गवत आलं, गवतावर गुरं, आणि आता माणसं.
माझ्या चार आकड्यांना
मान वर करून बघायला मीच शिकवलं नव्हतं.

आम्हा सोलापूरकरांना सपाट म्हटलं की झालं,
पाठ टेकावी, झोपावं.
तिथे सपाट म्हणजे
कुणीतरी आधी येऊन पडून गेलंय.

ल्हाकपाला फोन लागला सातव्या खेपेला.
त्याचं मोडकं हिंदी, माझं त्याहून मोडकं.
"हलवू, पण कुठे?"
वरच्या खांद्यावर एक कुरण आहे, मी म्हटलं,
चढण पाऊण तासाची. खडक घट्ट आहे.
"तिथे पाणी नाही."
आमच्याकडेही पाच दिवसांनी येतं, मी म्हटलं,
पिंपं भरून ठेवायची.
तो हसला असावा. किंवा वारा असेल.

मग चारशे बारा चौकोन
एकेक करून हाताने तांबडे केले.
यंत्राला एका फटक्यात जमलं असतं.
नाना शेजारी उभे, चहा तसाच, वर साय.
मध्येच विचारलं, "माणसं कुठल्या रंगात दावतीस?"
त्यांना रंग ठेवलेलाच नव्हता.

खाली पाळी सुटली. माग थांबले.
स्क्रीन स्थिर झाला तसं
मला उगाच घाबरायला झालं.

उद्या साडेदहाला उपग्रह पुन्हा वरून जाईल.
ढग नसले तर मी निळे ठिपके मोजेन,
एकशे चौदापासून खाली, सावकाश,
जन्मात पहिल्यांदा
उत्तर शून्य यावं म्हणून.